तैवानमधल्या झुडोंगला राहायला येताय? आधी पत्ता वाचायला शिका

चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी तैवानला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळी कागदपत्रं घेऊन मी चुकीच्या कार्यालयात रांगेत उभी होते. तासाभराने नंबर आला. खिडकीपलीकडच्या बाईंनी भाडेकरार पाहिला, पत्त्यातल्या एका अक्षरावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मी शिंचू शहरात होते, आणि माझं घर शिंचू काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या वेगळ्याच घटकात. त्यांची काहीच चूक नव्हती, मला पत्ता वाचता येत नव्हता. मुंबई-पुण्याकडून इथे येणारी मुलं-मुली अजूनही त्याच रांगेत चुकून उभी राहतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

झुडोंग हे शिंचू काउंटीतलं मोठं गाव. कागदोपत्री ते शहर नाही, पण वस्ती लाखाला काही हजारच कमी आहे. आयटीआरआय या मोठ्या औद्योगिक संशोधन संस्थेचं मुख्यालय इथेच आहे. ही संस्था 1973 साली स्थापन झाली आणि 1987 साली टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी तिच्यातूनच जन्माला आली. शेजारच्या शिंचू सायन्स पार्कमध्ये काम करणारे किंवा त्सिंग हुआ विद्यापीठात शिकणारे काही जणही इथे घर घेतात, कारण शेजारच्या झुबेई किंवा शिंचू शहरापेक्षा इथली भाडी हलकी पडतात.

## 1. नावांचा गोंधळ आधी मिटवा

शिंचूचं जुनं नाव होतं झुचिएन. त्यातला ‘झु’ म्हणजे वेळू. आता बाकीची नावं आपोआप सुटतात: झुबेई म्हणजे वेळूच्या उत्तरेचं, झुडोंग म्हणजे पूर्वेचं, झुनान म्हणजे दक्षिणेचं. झुडोंगला हे नाव 1920 साली जपानी राजवटीत मिळालं. त्याआधी गावाचं नाव एका झाडावरून होतं, शुचिलिन. दुकानांच्या पाट्यांवर ते अजून अधूनमधून दिसतं.

इथे दोन सापळे आहेत. एक म्हणजे झुनान. नाव भावंडासारखं असलं तरी ते शेजारच्या म्याओली काउंटीत आहे आणि मुख्य रेल्वेमार्गावरचं मोठं स्टेशन आहे. नव्या माणसाचा डोळा घाईत चुकतो आणि तिकीट भलत्याच दिशेचं निघतं. दुसरा सापळा रोमन स्पेलिंगचा. एकाच झुडोंगचं स्पेलिंग कुठे झेड-एचने सुरू होतं, कुठे जे-एचने, तर जुन्या पत्रव्यवहारात सी-एचने. तिन्ही एकच. नकाशात सापडलं नाही तर घाबरू नका, चिनी लिपीतला पत्ता फोनमध्ये साठवून ठेवा आणि तोच दाखवा. रोमन पत्ता टॅक्सीवाल्याच्या फारसा कामाचा नसतो.

## 2. दोन शिंचू आहेत, हे पाटीवर लिहून ठेवा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

तैवानमध्ये वरच्या पातळीवर 22 प्रशासकीय घटक आहेत: सहा महापालिका (ताइपेई, नवी ताइपेई, ताओयुआन, ताइचुंग, ताइनान, काओश्युंग), तीन स्वतंत्र शहरं (कीलुंग, शिंचू, च्यायी) आणि 13 काउंट्या. आपल्याकडे शहर जिल्ह्याच्या पोटात असतं, म्हणजे नाशिक शहर नाशिक जिल्ह्यातच. इथे तसं नाही. शिंचू शहर 1982 साली शिंचू काउंटीतून वेगळं झालं. दोघांचे प्रमुख वेगळे, पोलीस वेगळे, कार्यालयं वेगळी. काउंटीचं मुख्यालय आता झुबेईत आहे.

या फाळणीने नव्या माणसाची सर्वांत मोठी दिशाभूल होते ती हायस्पीड रेल्वेच्या बाबतीत. ‘शिंचू’ नावाचं हायस्पीड स्टेशन शिंचू शहरात नाही, झुबेईत आहे. साध्या रेल्वेचं शिंचू स्टेशन शहरात आहे, आणि दोघांमध्ये चांगलं अंतर आहे. कुणी ‘शिंचू स्टेशनवर भेटू’ म्हणालं तर पहिला प्रश्न विचारा: कुठल्या?

## 3. झेन, ली, लिन: कोणाच्या हाती काय

काउंटीच्या खाली तीन प्रकारची गावं येतात. ग्रामीण ते श्यांग, नागरी ते झेन, आणि त्याहून मोठं ते काउंटीच्या अखत्यारीतलं शहर. शिंचू काउंटीत असे 13 घटक आहेत: एक शहर (झुबेई), तीन झेन (झुडोंग, शिनपू, ग्वानशी) आणि नऊ श्यांग. त्या नवांपैकी च्येनशी आणि वुफेंग हे डोंगरातल्या आदिवासींचे श्यांग आहेत.

झुडोंग शहर का नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. काउंटीतलं शहर व्हायला पूर्वी दीड लाख वस्ती लागायची. 2015 साली ती अट एक लाखावर आणली आणि त्याच वर्षी म्याओलीतलं तोफेन शहर झालं. झुडोंग थोडक्यात अलीकडे राहिलं. त्यामुळे तुमच्या पत्त्यात ‘झेन’च येणार.

झेनला आपल्या नगरपालिकेसारखं समजा. प्रमुख चार वर्षांसाठी थेट लोकांतून निवडला जातो आणि त्याच्या जोडीला निवडून आलेलं प्रतिनिधी मंडळ असतं. हा फरक ताइपेईहून आलेल्यांना चकवतो, कारण महापालिकांमध्ये खालच्या पातळीवर ‘चू’ म्हणजे विभाग असतात आणि त्यांचा प्रमुख साधारणपणे नेमलेला असतो, निवडलेला नाही. शिंचू शहरातही तसेच तीन विभाग आहेत.

झेनच्या पोटात ली असतात. झुडोंगमध्ये ते 25 आहेत. आपल्या प्रभागाएवढा ली, पण त्याचा प्रमुख नगरसेवकापेक्षा गावच्या पाटलासारखा जास्त वाटतो. तो निवडून येतो, त्याचं कार्यालय बहुधा त्याच्या घरातच असतं आणि दारावर पाटी असते. रस्त्यावरचा दिवा गेला, गटार तुंबलं, शेजाऱ्याशी कुरबूर झाली, तर आधी त्याच्याकडे जा. माझ्या लीचे प्रमुख सत्तरीचे आहेत आणि हाक्का बोलतात. पहिल्या वर्षी आमचं सगळं बोलणं हातवाऱ्यांनी चाललं, तरी माझ्या गल्लीतला दिवा दोन दिवसांत लागला. लीच्या खाली लिन, म्हणजे शेजारशेजारच्या घरांची आळी. तिचा आकडा पत्त्यात येतो, त्यापलीकडे तुम्हाला त्याचं काम पडत नाही.

हाक्का हा शब्द वर आला. झुडोंगमध्ये बहुसंख्य लोक हाक्का या चिनी समाजाचे आहेत आणि त्यांची भाषा मँडरिनपेक्षा, म्हणजे प्रमाण चिनीपेक्षा, वेगळी आहे. बाजारात कानावर पडलेलं काहीच कळलं नाही, तर तुमचा मँडरिनचा वर्ग वाया गेला असं समजू नका.

## 4. पत्ता उलगडायचा कसा

आपण पत्ता घरापासून सुरू करतो आणि राज्यावर संपवतो. इथे उलट: मोठ्याकडून लहानाकडे. काउंटी, मग झेन, मग ली आणि लिन (हे बरेचदा गाळतात), मग रस्ता, रस्त्याचा भाग, गल्ली, बोळ, घर क्रमांक आणि मजला. उदाहरण म्हणून आयटीआरआयचा जाहीर पत्ता घ्या: शिंचू काउंटी, झुडोंग झेन, चोंगशिंग रस्ता, भाग चार, क्रमांक 195. पिनकोड 310. शिंचू शहराचा 300 आणि झुबेईचा 302. नुसत्या या आकड्यावरूनही तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते कळतं.

काही खुणा पाठ करून ठेवा:

- ‘लू’ म्हणजे रस्ता, ‘त्वान’ म्हणजे त्याचा भाग. लांब रस्त्याचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक भागात घर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. भाग लिहायला विसरलात की पार्सल दोन किलोमीटर पलीकडे जातं.
- रस्त्याच्या एका बाजूला विषम क्रमांक, दुसऱ्या बाजूला सम.
- गल्लीला स्वतःचं नाव नसतं, आकडा असतो. 88 नंबरची गल्ली म्हणजे जिथे 88 नंबरचं घर असायला हवं तिथून आत वळणारी वाट. ही पद्धत एकदा समजली की नकाशाशिवायही घर सापडतं.
- गल्लीला म्हणतात ‘श्यांग’, आणि ग्रामीण गावालाही ‘श्यांग’. फरक फक्त सुराचा. फोनवर पत्ता सांगताना हमखास घोळ होतो, म्हणून लिहूनच पाठवा.

आणखी एक गोष्ट. चोंगशिंग, चोंगचंग, मिनत्सू अशी रस्त्यांची नावं तैवानमधल्या जवळजवळ प्रत्येक गावात आहेत, जसा आपल्याकडे महात्मा गांधी रस्ता. झेनचं नाव न सांगता नुसता रस्ता सांगितला तर टॅक्सी खुशाल शिंचू शहरात नेऊन सोडेल.

## 5. घर घेताना

निवास परवान्यासाठी भाडेकरार लागतो, म्हणून घरमालकाला आधीच स्पष्ट विचारा: हा पत्ता सरकारी कागदावर दिला तर चालेल का? काही मालक कराच्या भीतीने नको म्हणतात. तसं असेल तर घर कितीही आवडलं तरी सोडा. अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, तसा कायदाच आहे.

जागा निवडताना भूगोल पाहा. गावाच्या उत्तरेला तोउचिएन नदी आहे, पलीकडे च्योंगलिन. गावठाण नदीच्या दक्षिण काठावर आहे आणि दक्षिणेकडे-आग्नेयेकडे डोंगर चढत जातात, थेट वुझी पर्वतापर्यंत. वुझी म्हणजे पाच बोटं. पश्चिमेला शिंचू शहराच्या बाजूला तोउचोंग, अर्चोंग, सानचोंग या वस्त्या ओळीने येतात, म्हणजे पहिली, दुसरी आणि तिसरी. आयटीआरआय आणि सायन्स पार्कवाल्यांना या बाजूचं घर सोयीचं, गावठाणात राहिलात तर बाजार आणि स्टेशन पायाखाली.

पाण्याबद्दल एक सांगते, कारण मला ते विलक्षण वाटतं. वरच्या शांगपिंग नदीतून निघणारा झुडोंगचा पाट बाओशानच्या जलाशयांना पाणी देतो आणि तिथून ते सायन्स पार्कच्या चिप कारखान्यांना जातं. 2021च्या दुष्काळात हे जलाशय जवळजवळ तळाला गेले, तेव्हा जगभरच्या बातम्यांमध्ये त्यांचे फोटो होते. मराठवाड्यातून आलेल्या माणसाला पाटाच्या कडेने चालताना या गोष्टीचा अर्थ सांगावा लागत नाही.

## 6. निवास परवाना

व्हिसाचं काम भारतातच होतं. ऑक्टोबर 2024 पासून तैवानचं आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र मुंबईतही आहे, त्याआधी दिल्ली किंवा चेन्नईकडे पाहावं लागायचं. निवासी व्हिसावर उतरल्यापासून 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा. 2024च्या आधी ही मुदत 15 दिवसांची होती, त्यामुळे जुने लोक तुम्हाला पंधरा सांगतील.

झुडोंगचा पत्ता असेल तर राष्ट्रीय इमिग्रेशन एजन्सीच्या शिंचू काउंटी सेवाकेंद्रात जा, ते झुबेईत आहे. शिंचू शहरातलं केंद्र शहरवासीयांसाठी. माझी चूक नेमकी हीच होती. विद्यार्थ्यांना आणि बऱ्याच व्यावसायिकांना ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे, विद्यापीठाला किंवा कंपनीला विचारा.

बरोबर घ्यायचं:

- पासपोर्ट आणि निवासी व्हिसा, मूळ आणि झेरॉक्स
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा अलीकडचा फोटो
- कामाचा परवाना आणि नोकरीचं पत्र, किंवा विद्यार्थी असाल तर प्रवेशाचा दाखला
- भाडेकरार किंवा वसतिगृहाचं पत्र
- शुल्क, साधारणपणे वर्षाला 1000 तैवानी डॉलर

नावाची काळजी घ्या. आपल्या पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लांबलचक येतं. परवाना, आरोग्य कार्ड, बँक खातं, पगारपत्रक या चारही ठिकाणी ते पासपोर्टप्रमाणे अक्षरशः एकच हवं. माझ्या खात्यावर वडिलांचं नाव राहून गेलं होतं. ते दुरुस्त करण्यात एक महिना गेला आणि तेवढे दिवस पगार अडकला.

फॉर्मवर वर्ष लिहिताना थांबा. आपल्या पंचांगात शके असतं तसं इथे प्रजासत्ताकाचं वर्ष चालतं: इसवी सनातून 1911 वजा करा. 2025 म्हणजे 114.

घर बदललं तर 30 दिवसांत इमिग्रेशनकडे नवा पत्ता नोंदवा. त्यासाठी झुडोंगच्या कुटुंबनोंदणी कार्यालयात जाऊ नका. ते तैवानच्या नागरिकांच्या नोंदी ठेवतं, परदेशी माणसाचा पत्ता तिथे नोंदला जात नाही.

## 7. आरोग्य विमा

नोकरीवर असाल तर कामाच्या पहिल्या दिवसापासून कंपनी राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालते. विद्यार्थ्यांना आणि मागून आलेल्या बहुतेक कुटुंबीयांना सहा महिन्यांच्या सलग वास्तव्याची अट आहे. मधे एकदाच, आणि तेही 30 दिवसांच्या आत, बाहेर जाता येतं, आणि तेवढे दिवस पुढे भरून काढावे लागतात. दिवाळीला एकदा आणि लग्नाला एकदा असं दोनदा घरी गेलात तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सहा महिने भरेपर्यंत भारतातून खासगी विमा घेऊनच या, यात काटकसर करू नका.

कंपनी किंवा विद्यापीठामार्फत नाव घालता येत नसेल, तर ते काम झेनच्या कार्यालयात होतं. तिकडे जायची नव्या माणसाला बहुधा एवढ्याचसाठी वेळ येते.

दवाखान्यासाठी शहरात धावायची गरज नाही. ताइपेई वेटरन्स जनरल हॉस्पिटलची शिंचू शाखा झुडोंगमध्येच आहे, आणि नॅशनल तैवान विद्यापीठाच्या रुग्णालयाचाही एक भाग इथे आहे. रुग्णवाहिकेसाठी 119, पोलिसांसाठी 110. भाषेची अडचण असेल तर 1990 या परदेशी लोकांसाठीच्या मदतवाहिनीवर इंग्रजीत बोलता येतं.

## 8. ये-जा

झुडोंगमधून नेइवान रेल्वेमार्ग जातो. तो 1947 साली झुडोंगपर्यंत आला आणि 1951 साली डोंगरातल्या नेइवानपर्यंत पोचला. लाकूड, सिमेंटचा दगड आणि कोळसा यांसाठी तो बांधला होता. आता शनिवार-रविवारी पर्यटकांनी भरून जातो.

इथला सापळा झुचोंग स्टेशनवर आहे. शिंचूहून निघणारी विजेची गाडी झुचोंगनंतर हायस्पीडजवळच्या ल्योचिया स्टेशनकडे वळते, झुडोंगला येत नाही. झुचोंगला उतरून समोरची डिझेल गाडी धरायची. ती साधारण तासाला एक, चुकली की फलाटावर बसून राहावं लागतं. हायस्पीडने येणाऱ्यांनीही हाच मार्ग घ्यावा: ल्योचिया, झुचोंग, झुडोंग.

शिंचूहून येणाऱ्या बसच्या कपाळावर बरेचदा झुडोंग लिहिलेलं नसतं, ‘श्यागोंगग्वान’ लिहिलेलं असतं. तो झुडोंगमधलाच थांबा आहे. मी पहिल्या दिवशी अशा तीन बस सोडल्या.

स्कूटरचं लायसन्स काढायचं असेल तर काउंटीचं मोटार वाहन कार्यालय शिनपू या दुसऱ्याच झेनमध्ये आहे. अर्धा दिवस मोकळा ठेवा.

## 9. कचरा, वादळ, बाजार

कचरा झेनची सफाई तुकडी नेते. गाडी पियानोची धून वाजवत येते, आणि पिशवी घेऊन तुम्हीच तिच्यापर्यंत जायचं. रस्त्यावर ठेवून गेलात तर दंड. ओला, सुका आणि पुनर्वापराचा कचरा वेगळा. वार आणि वेळ गल्लीगणिक बदलते, शेजारच्या आजींना विचारा, त्या दार वाजवून सांगतीलही. ताइपेईसारख्या सरकारी पिशव्या विकत घ्याव्या लागत नाहीत.

वादळाची सुट्टी प्रत्येक काउंटी आणि शहर स्वतंत्रपणे जाहीर करतं. त्या यादीत शिंचू दोनदा येतं, आणि दोन्ही ओळी सारख्या असतीलच असं नाही. घर काउंटीत आणि कचेरी शहरात असेल तर दोन्ही ओळी वाचा. घर, कामाची जागा किंवा नेहमीची वाट यांपैकी काहीही सुट्टीच्या हद्दीत येत असेल, तर न गेल्याबद्दल गैरहजेरी लावू नये असा कामगार खात्याचा नियम आहे. त्या दिवसाचा पगार मात्र मालकाच्या मर्जीवर.

भाजीसाठी सकाळी लवकर गावातल्या मध्यवर्ती बाजारात जा. घोसाळं, दुधी, भोपळा, पांढरं कारलं, उन्हाळ्यात वेळूचे कोंब भरपूर. मेथी आणि कढीपत्ता मला चार वर्षांत दिसला नाही. शाकाहारी असाल तर लाल स्वस्तिकाची पाटी शोधा, तिथे शाकाहारी जेवण मिळतं. बाकी ठिकाणी मात्र विचारल्याशिवाय परतलेली भाजीही घेऊ नका, हाक्का स्वयंपाकात डुकराची चरबी सर्रास वापरतात. आपल्याकडे भाजीवाली मूठभर कोथिंबीर फुकट टाकते तशी इथली मावशी कांद्याची पात पिशवीत टाकते. पहिल्यांदा मी पैसे द्यायला लागले तर ती रागावली.

आणि चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या विसाव्या दिवशी गावात असाल तर घरी बसू नका. त्या दिवशी हाक्का लोक फाटलेलं आभाळ सांधतात, म्हणजे चिकट तांदळाची गोड भाकरी तळून देवीला ठेवतात, आणि झुडोंगमध्ये डोंगरगाण्यांची स्पर्धा असते. गाण्याचा एक शब्द कळला नाही तरी मावशी जागा करून देतात.